पार्सलवरचा कर कोणी गोळा करायचा?

परदेशातून मागवलेल्या स्वस्त वस्तूला सीमाशुल्क माफ असावे, ही कल्पना ग्राहकाच्या कळवळ्यातून आलेली नाही. पन्नास रुपये वसूल करायला शंभर रुपये खर्चू नयेत, इतका तो साधा हिशेब होता. आपल्या सीमाशुल्क कायद्यातही शंभर रुपयांपर्यंतचे शुल्क वसूल करू नये, असे कलम आहे. पार्सले तुरळक होती तोवर हे चालून गेले. अमेरिकेने २०१६ मध्ये माफीची मर्यादा २०० डॉलरवरून ८०० वर नेली, त्यात मोबाइलवरची खरेदी वाढली आणि २०२४ च्या आर्थिक वर्षात अशी १३० कोटींहून अधिक पार्सले तिथे शुल्काविना शिरली. कंटेनरने माल आणून रीतसर शुल्क भरणारा दुकानदार त्यात मागे पडला. आपल्याकडे पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना सवलत होती. चिनी पोर्टलवर विकत घेतलेले कपडे ‘भेट’ म्हणून उतरू लागले, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये ती वाट बंद झाली. अपवाद ठेवला तो जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. राखीसोबतची भेटवस्तू मात्र त्यात धरायची नाही, असेही अधिसूचनेत बजावले आहे. बहीणभावाच्या नात्याची इतकी काटेकोर फोड सरकारी कागदालाच जमावी!

माझे म्हणणे असे, की देशी दुकानात लागतो तो जीएसटी या पार्सलवरही पहिल्या रुपयापासून लावावा, पण विक्रेत्याने तो पैसे घेतानाच कापावा. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून हेच केले. हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या बहुतेक मालावर सीमाशुल्क नाही. १० टक्के जीएसटी मात्र परदेशी विक्रेत्याने गोळा करून भरायचा, आणि तोही वर्षाला ७५ हजार डॉलरची विक्री तिथे असेल तरच. परक्या कंपन्या हे कशाला मानतील, असे विचारले जाते. ॲमेझॉनने तेव्हा ऑस्ट्रेलियन ग्राहकांना आपल्या अमेरिकी संकेतस्थळावरची खरेदी खरोखरच बंद केली होती. नोव्हेंबरात ती पुन्हा सुरू केली. दुसरा आक्षेप गरीब ग्राहकाचा. पण तोच ग्राहक कोपऱ्यावरच्या दुकानात जीएसटी भरतोच. ही माफी त्याचा खिसा पाहून मिळत नाही, विक्रेता कुठे बसला आहे ते पाहून मिळते. देशी उद्योगांना संरक्षण हवे की नको, हा वाद सीमाशुल्काचा आहे. तो वेगळा लढावा. छोट्या पार्सलांवर ते शुल्क कमीच असावे, असे मला वाटते.

वसुलीची सोय आधी आणि कर नंतर, हा क्रम मोडला की काय होते, ते अमेरिकेने दाखवले. २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्वच देशांच्या पार्सलांची माफी गेली, पण टपालाच्या मालावरचे शुल्क कोणी, कसे घ्यायचे हे धड ठरलेच नव्हते. विमान कंपन्यांनी टपाल नाकारले. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून बहुतेक नोंदणी थांबवली, आणि महिनाअखेरीस १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूही थांबल्या, ज्यांच्यावर शुल्क लागतच नव्हते. म्हणजे लेकासुनेला पाठवायचा चकल्या-अनारशांचा डबा कराने अडला नाही, कर घेणारा हात कुठला ते न ठरल्याने अडला. वसुबारसेच्या दोन दिवस आधी, १५ ऑक्टोबरला, सेवा पुन्हा सुरू झाली, ती नोंदणीच्या खिडकीवरच शुल्क आगाऊ घेण्याची व्यवस्था लागल्यावर.