कादंबरीचे बोट धरून एक दिवस पुण्यात

अद्भुत कथा-कादंबऱ्या मुलांच्या हाती द्याव्यात की नाहीत, याविषयी प्राथमिक शिक्षकांत नेहमीच दोन मते आढळतात. अशा वाचनाने मूल भ्रमात पडते, असे काहींना वाटते. मुलाला पुस्तकाची गोडी लावण्यास याहून चांगला मार्ग नाही, असे इतर म्हणतात. हा वाद केवळ वर्गात बसून मिटणारा नाही. शिरूर व दौंड तालुक्यांतील शिक्षकांना मात्र तो प्रत्यक्ष पारखून पाहण्याची सोय आहे. पुणे एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. दौंडकरांना आगगाडी आहे, शिरूरकरांना नगर रस्ता आहे.

शाळेची सहल आणि घरच्या मंडळींसह घालविलेला दिवस यांत मोठा फरक असतो. सहलीत साठ मुले रांगेने शनिवारवाडा पाहतात आणि रांगेनेच परत येतात. आईबाप बरोबर असतील व मुलाच्या पिशवीत त्याच्या आवडीचे पुस्तक असेल, तर दाखविणारा मूल असतो आणि पाहणारे वडीलधारे असतात. ही अदलाबदल लहानसहान नव्हे.

पुस्तक कोणते निवडावे? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मुलांना आपला वाटतो, कारण तो फुरसुंगीसारख्या गावाहून पुण्याच्या शाळेत आलेला मुलगा आहे. त्याच्या करामती अचाट असल्या तरी अद्भुत म्हणता येणार नाहीत. नाथमाधवांचे ‘वीरधवल’ अद्भुत आहे, परंतु त्याची भूमी काल्पनिक असल्याने ते हाती घेऊन पुणे पाहता येत नाही. या कामी सर्वांत उपयोगी पडते ती एक कथाच, जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. कादंबरीचे काम ती थोड्या पानांत करते. वरच्या वर्गातील मुलांना ती सहज पेलते.

या कथेतील गंगाधरपंत पुण्यातील इतिहासाचे प्राध्यापक आहेत. अपघात होतो आणि ते निराळ्याच जगात जाऊन पोहोचतात. तेथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागतच नाही, ती कानाजवळून निघून जाते आणि मराठे जिंकतात. इंग्रजांचे राज्य देशभर पसरत नाही. मुंबई तेवढी त्यांच्याकडे राहते, त्यामुळे पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या गाडीत वाटेत परवाना तपासला जातो. दौंडच्या मुलांची दिवसरात्र आगगाडीच्या शिटीत जाते. त्यांना हा परवान्याचा प्रसंग विशेष आवडावा, यात नवल नाही.

ही गोष्ट वाचलेले मूल शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यातून आत शिरते, तेव्हा त्याला काय दिसते? जोती, कारंज्यांची ठिकाणे आणि हिरवळ. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या या वाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्या. पुष्कळ मुलांचा येथे विरस होतो. परंतु कथा वाचलेले मूल त्या रिकाम्या जोत्यांवर आपल्या मनाने मजले चढवू लागते. त्याला घाई करू नये. नारायणराव पेशव्यांच्या किंकाळीची गोष्ट येथे निघतेच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्यांचा वध याच वाड्यात झाला, हा इतिहास आहे. रात्री हाक ऐकू येते, ही लोकवार्ता आहे. दोन्ही सांगाव्यात, पण एका श्वासात सांगू नयेत.

तेथून अप्पा बळवंत चौक पायी गाठता येतो. पुस्तकांच्या दुकानांसाठी हा चौक शिक्षकांच्या परिचयाचा आहे. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, त्या अप्पा बळवंत मेहेंदळ्यांचे वडील बळवंतराव पानिपतच्या मोहिमेत १७६० च्या अखेरीस धारातीर्थी पडले, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते. पुस्तक घेताना मुलास ती सांगावी. ऐपत नसेल तर पुस्तक न घेताही सांगावी.

दुपार कलल्यावर पर्वती चढावी. दिवसाचे खरे मर्म येथे आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पडले. त्यांचे वडील नानासाहेब पेशवे खचून गेले आणि २३ जून १७६१ रोजी याच टेकडीवर त्यांनी देह ठेवला. गोळी चुकली असती तर काय झाले असते, हे कथा सांगते. ती चुकली नाही तेव्हा काय झाले, ते पर्वती सांगते. मुलाने कथेतील तो भाग येथे मोठ्याने वाचावा. आईस अक्षरओळख नसेल तर अधिकच मोठ्याने वाचावा. आपल्या मुलाच्या तोंडून छापील अक्षर ऐकत पायरीवर बसलेली आई त्यानंतर शेतीच्या हंगामात त्याचे नाव शाळेतून काढण्यापूर्वी निदान एकदा विचार करील, अशी आशा बाळगण्यास जागा आहे.

मूल घरी परतल्यावर वहीचे पान तीन भागांत आखावे. पुस्तकात काय होते, डोळ्यांनी काय पाहिले, इतिहासात काय लिहिले आहे. सिंहगडाच्या घोरपडीची जागा कोणत्या रकान्यात, यावर वर्गात भांडण होऊ द्यावे. भ्रमाची भीती बाळगणाऱ्या शिक्षकांना त्या भांडणातच उत्तर सापडेल.

शिरूरची मुले आणखी एक प्रश्न विचारू शकतात. पानिपत जिंकले असते तर आपल्या गावी इंग्रजांची छावणी पडली असती काय? १८०९ मध्ये मरण पावलेल्या कर्नल वॉलेसची कबर शिरूरला असती काय? ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरहून कोरेगावच्या दिशेने निघाली असती काय? पुण्याची एस.टी. कोरेगाव भीमावरूनच जाते. तेव्हा हे प्रश्न परतीच्या वाटेवर, अंधार पडण्यापूर्वी निघाले तर उत्तम.

रोजंदारीवर जाणाऱ्या पालकास एक दिवसाची मजुरी बुडविणे परवडत नाही, हे शिक्षकांनी विसरू नये. ज्या घरास पुणे शक्य नाही त्याने गावचा पडका वाडा, जुनी बारव किंवा वेस गाठावी. तेथेही जोती असतात. गोष्ट तीच नेता येते आणि ती वाचण्यास रविवारची संध्याकाळ पुरते.