चूक कोणाची, भुर्दंड कोणाला?

(ग्राहक चळवळीतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



महागाई, बेरोजगारी, शेतमालाचे पडलेले भाव असे प्रश्न समोर असताना, संकेतस्थळावर चुकून पडलेल्या किमतीबद्दल तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय, असे आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मलाही वर्षभरापूर्वी तसेच वाटले असते. अर्थशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. किंमत म्हणजे मागणी आणि पुरवठा यांच्या वक्ररेषा जेथे छेदतात तो बिंदू, हे मी फळ्यावर शेकडो वेळा काढून दाखवले. परंतु तो बिंदू चुकीच्या जागी पडला तर त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न ना मी कधी विद्यार्थ्यांना विचारला, ना त्यांनी मला.

तो विचारला आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी. गेल्या दिवाळीच्या आधी एका मोठ्या संकेतस्थळावर मोटर लावलेले शिलाई यंत्र ११४९ रुपयांना दिसत होते. त्याची बाजारातली किंमत साडेअकरा हजारांच्या घरात. माझ्या भाचीने आपल्या फोनवरून बाईंसाठी एक यंत्र मागवले. पैसे तत्काळ वळते झाले आणि ‘आपली मागणी निश्चित झाली आहे’ असा निरोप आला. बाईंनी खोलीतला खिडकीखालचा कोपरा मोकळा केला आणि शेजारणीकडून परकराच्या दोन शिलाया कबूलही करून घेतल्या. पाचव्या दिवशी दुसरा निरोप आला. किमतीत तांत्रिक चूक झाल्यामुळे मागणी रद्द करण्यात येत आहे, पैसे पाच ते सात दिवसांत परत मिळतील, आणि गैरसोयीबद्दल शंभर रुपयांची सवलत, तीही दोन हजारांच्या पुढील खरेदीवर! बाई म्हणाल्या, “काका, चूक त्यांची होती, तर आमचे पैसे चार दिवस त्यांनी कशाला ठेवले?”

मला उत्तर देता आले नाही. शिवाय एक कबुलीही दिली पाहिजे. ती किंमत पाहताच दशांश चिन्ह सरकले असावे, अशी शंका मला आली होती. मी ती बोलून दाखवली नाही, कारण बाईंना यंत्र मिळावे असे मलाही वाटत होते. तेव्हा आज मी बोलतो आहे तो त्या आशेचा एक भागीदार म्हणून, तटस्थ पंच म्हणून नव्हे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. दुकानात मांडलेल्या वस्तूवरची किंमत हा विक्रीचा प्रस्ताव नसून ग्राहकाने प्रस्ताव करावा यासाठी दिलेले आमंत्रण आहे, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १९५३ साली बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीच्या खटल्यात पक्के झाले. ग्राहक वस्तू घेऊन गल्ल्यापाशी येतो तो त्याचा प्रस्ताव. दुकानदाराने तो स्वीकारला की करार झाला. संकेतस्थळांनी हेच तत्त्व उचलले आणि आणखी ताणले. २००२ च्या आरंभी कोडॅक कंपनीच्या ब्रिटिश संकेतस्थळावर ३२९ पौंडांचा कॅमेरा १०० पौंडांना विकला गेला. कंपनीने आधी नकार दिला. परंतु यंत्राने आपोआप पाठवलेला निरोप करार मान्य केल्यासारखाच असल्याचे ग्राहकांनी दाखवून दिले, काहींनी न्यायालयाची वाट धरली, आणि कंपनीला अखेर कॅमेरे द्यावे लागले. कंपन्या यातून धडा शिकल्या. आज बहुतेक मोठ्या संकेतस्थळांच्या अटींत, माल रवाना होईपर्यंत करार झालाच नाही, असे कलम असते. म्हणजे आपले पैसे गेले, ‘निश्चित’ हा शब्द आला, तरी करार नाही! गल्ल्यात पैसे टाकून पावती फाडणाऱ्या वाण्याने असे म्हटले असते, तर आपण त्याला काय म्हटले असते?

आपला करारविषयक कायदा १८७२ चा आहे. त्याचे विसावे कलम सांगते की, कराराच्या मूलभूत बाबीविषयी दोन्ही पक्षांचा गैरसमज असेल तर करार शून्य ठरतो. बाविसावे कलम सांगते की, केवळ एकाच पक्षाची चूक झाली म्हणून करार रद्द होण्याजोगा ठरत नाही. वरवर पाहता हे ग्राहकाच्या बाजूचे वाटते. परंतु करार झालाच नाही असे अटींत आधीच लिहून ठेवले, की बाविसावे कलम दारातच अडते.

अर्थात नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती आपण प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. जानेवारी २००३ मध्ये सिंगापूरच्या एका संकेतस्थळावर ३८५४ डॉलरचा लेझर मुद्रक ६६ डॉलरला दिसू लागला. चाचणीसाठी भरलेला आकडा चुकून खऱ्या पानावर गेला होता. ही वार्ता मध्यरात्री मित्रामित्रांत पसरली. सकाळी चूक लक्षात येईपर्यंत ७८४ जणांनी ४०८६ मुद्रक मागवले होते. त्यांतील सहा सुशिक्षित मित्रांनी मिळून १६०६ मुद्रक मागवले आणि कंपनीने नकार देताच ते न्यायालयात गेले. २००४ साली ते हरले, २००५ साली अपिलातही हरले. समोरच्याची चूक आहे हे ठाऊक असून तिचा फायदा उपटणाऱ्याला कायदा साहाय्य करणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. १९३९ साली लंडनमध्ये सशांच्या कातड्यांच्या व्यवहारात हाच न्याय लावला गेला होता. विक्रेत्याने नगाचा भाव चुकून पौंड वजनाला सांगितला. एका पौंडात सुमारे तीन कातडी बसत, म्हणजे भाव एक तृतीयांश झाला. व्यापारातल्या माणसाला ही चूक न कळणे शक्य नाही, असे न्यायालयाने ठरवले.

मला हे निकाल योग्य वाटतात. सोळाशे मुद्रक कोणी घरात छापण्यासाठी घेत नाही. तो सट्टाच होता.

येथे मला माझ्या वडिलांची आठवण येते. तालुक्याच्या गावी आमचे किराणा दुकान होते. शाळकरी वयात मी एकदा गल्ल्यावर असताना गोडेतेलाच्या डब्याचा जुनाच भाव सांगितला. नवा भाव बराच चढला होता. घेणारी बाई रोजंदारीवर जाणारी होती. ती पदराच्या गाठीतले पैसे मोजत असतानाच वडील आले. त्यांनी सारे ऐकले आणि डबा त्याच भावाने दिला. “पोराने सांगितला म्हणजे दुकानाने सांगितला,” एवढेच ते म्हणाले. अर्ध्या तासाने शेजारचा हॉटेलवाला त्याच भावाने सहा डबे मागायला आला. त्याला वडिलांनी चहा पाजला, डबे दिले नाहीत. पुढे मी करारशास्त्रावरची जी पुस्तके वाचली, त्यांतल्या निम्म्या तत्त्वांचे सार त्या अर्ध्या तासात होते. शब्दावर विसंबून गरजेपुरते घेणारा एक, आणि चूक हेरून साठा करणारा दुसरा. दोघांना एकच न्याय लावता येत नाही.

परंतु सिंगापूरच्या न्यायालयाने लावलेल्या कसोटीत आज एक मोठी अडचण उभी राहिली आहे. ग्राहकाला चूक कळली होती किंवा कळायला हवी होती का, असे न्यायालय विचारते. आता ग्राहकाला ती कळावी कशी? एका रुपयात मोबाईल देण्याच्या जाहिराती आपल्याकडच्या संकेतस्थळांनीच केल्या आहेत. नव्वद टक्के सूट, पुढील दहा मिनिटेच, शेवटचे दोन नग शिल्लक, असा घोष चोवीस तास चालू असतो. अशक्य भावावर विश्वास ठेवण्याची सवय ज्यांनी लोकांना लावली, त्यांनीच उद्या ‘एवढा कमी भाव पाहून तुम्हाला शंका यायला हवी होती’ असे म्हणावे, हा कांगावा आहे. २०१९ च्या जुलै महिन्यात अमेझॉनच्या सवलतीच्या दिवशी अमेरिकेत सुमारे तेरा हजार डॉलरची कॅमेऱ्याची भिंगे ९४ डॉलरला विकली गेली, आणि ती ग्राहकांना मिळालीही. म्हणजे कधी मिळते, कधी मिळत नाही. आणि हे ठरवते कंपनीच. मग लोकांनी आशा धरली तर त्यांना हावरे म्हणून हिणवण्याचा अधिकार कोणाला आहे?

भुर्दंड नेहमी मोठ्यांनाच बसतो, असेही नाही. १२ डिसेंबर २०१४ च्या संध्याकाळी अमेझॉनच्या ब्रिटिश बाजारपेठेत सुमारे तासभर असंख्य वस्तू एका पेनीला दिसत होत्या. छोट्या विक्रेत्यांच्या किमती प्रतिस्पर्ध्यांच्या किमती पाहून आपोआप कमी-जास्त करणारी एक संगणकप्रणाली उत्तर आयर्लंडमधील एक कंपनी पुरवत असे. तिच्यात बिघाड झाला होता. बहुतेक मागण्या रद्द झाल्या. परंतु काही माल गोदामांतून यांत्रिक शिस्तीने रवाना होऊन गेला आणि नाताळच्या तोंडावर घरगुती व्यापार करणाऱ्या कुटुंबांचे कंबरडे मोडले. किंमत त्यांनी ठरवली नव्हती, चूकही त्यांची नव्हती. नुकसान मात्र त्यांचे झाले. स्वस्तात मिळालेल्या खेळण्याची किंमत कोणीतरी अनोळखी माणूस भरत असतो, हे आशा धरणाऱ्यानेही विसरू नये. आणि आकडा भरणारा एखादा कंत्राटी कारकून असेल, तर त्याच्या नोकरीचे काय होते, हे आपल्या कानांवर कधी येतच नाही.

मग प्रश्नाचे मूळ कोठे आहे? माझ्या मते ते विषमतेत आहे. चूक करण्याचा आणि ती पुसून टाकण्याचा अधिकार एकाच बाजूला आहे. बाईंचे यंत्र रद्द झाले त्याच महिन्यात मी चुकून भलत्याच मापाचा कुकर मागवला होता. तो परत करताना माझ्या पैशांतून दीडशे रुपये कापले गेले. कंपनीच्या चुकीला ‘तांत्रिक’ हे विशेषण आहे, माझ्या चुकीला शुल्क आहे!

आपल्या देशाने या दिशेने काहीच केले नाही असे नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि त्याच महिन्यात ई-व्यापाराचे नियम निघाले. त्यांतील चौथ्या नियमात एक फार मोलाची तरतूद आहे. मागणी निश्चित झाल्यावर ग्राहकाने ती रद्द केल्यास त्याच्याकडून शुल्क घ्यायचे असेल, तर कंपनीने एकतर्फी मागणी रद्द केल्यास तिनेही तसेच शुल्क सोसले पाहिजे. समतेचे बीज येथे आहे; त्याला पाणी घालण्याचे काम आपले. २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी आमिषाच्या जाहिरातींना अटी घातल्या, आणि २०२३ च्या तत्त्वांनी खोटी निकड दाखवण्यासारखे तेरा फसवे प्रकार निषिद्ध ठरवले. ओडिशात एका विधिशाखेच्या विद्यार्थ्याने २०१४ साली १९० रुपयांना मागवलेला लॅपटॉप संकेतस्थळाने नाकारला, तेव्हा राज्य ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये त्याला ४५,००० रुपये देवविले. मात्र त्यासाठी सहा वर्षे लागली, आणि तो कायद्याचा विद्यार्थी होता. आमच्या बाईंनी कोठे जायचे?

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. त्या चर्चेसाठी आहेत, अंतिम नाहीत.

पहिली : पैसे घेतले आणि ‘निश्चित’ म्हटले, की घरगुती गरजेपुरत्या एका नगाची मागणी ठरावीक मुदतीनंतर, समजा चोवीस तासांनंतर, कंपनीवर बंधनकारक असावी. साठा करणाऱ्याला हे संरक्षण नको.

दुसरी : त्या मुदतीत खरीखुरी चूक सापडली तर मागणी रद्द करण्याची मुभा असावी, परंतु पैसे त्याच दिवशी परत मिळावेत आणि ग्राहकाला स्वतःची चूक दुरुस्त करण्यासाठी तेवढीच मुदत, तीही विनाशुल्क असावी.

तिसरी : किमतीतील चुकीच्या नावाखाली किती मागण्या रद्द केल्या, हे प्रत्येक मोठ्या संकेतस्थळाने दर तिमाहीस जाहीर करावे. वर्षातून एकदा घडते ती चूक. दर सणाला घडू लागली तर तिला आमिष म्हणावे लागेल.

चौथी : बाजारपेठेच्या किंवा किंमत ठरवणाऱ्या यंत्रणेच्या दोषाने नुकसान झाले, तर ते छोट्या विक्रेत्याच्या वा कारकुनाच्या माथी मारता येऊ नये.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हाती काही गोष्टी आहेत. किमतीचे, निश्चितीच्या निरोपाचे आणि पैसे गेल्याच्या नोंदीचे चित्र जपून ठेवावे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवावी. शंभर रुपयांच्या सवलतीवर समाधान मानू नये. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी ते करणे, हे मी या वर्गातील प्रत्येकाचे काम समजतो. आम्ही बाईंची तक्रार नोंदवली आहे. पैसे नवव्या दिवशी परत आले. यंत्र आलेले नाही. निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही. परंतु तक्रारीच्या अर्जात त्यांचाच प्रश्न मी त्यांच्याच शब्दांत लिहिला आहे. चूक त्यांची होती, तर आमचे पैसे चार दिवस त्यांनी कशाला ठेवले? त्याचे उत्तर त्यांना लेखी मिळाले पाहिजे, एवढीच सध्या आमची मागणी आहे.