पाळकाच्या डोक्यावर कुणाचा हात?

श्रोतेहो, मठाची गादी कुणाकडून कुणाकडे आली याला ज्या कुंभकोणमात एवढे मोल, तिथे ख्रिस्ती मंडळींचा हा जुना वाद फार फोड करून सांगावा लागणार नाही. येशूने पेत्राला खडक म्हटले आणि या खडकावर माझी मंडळी उभारीन असे सांगितले. खडक म्हणजे स्वतः पेत्र, की त्याने नुकतीच बोलून दाखवलेली श्रद्धा? रोमचे उत्तर ठाम आहे: पेत्र, आणि त्याच्या गादीवरचे पोप. त्याच अधिकाराने 1 सप्टेंबर 1899 रोजी तुमचा कुंभकोणम धर्मप्रांत पाँडिचेरीतून वेगळा झाला. प्रॉटेस्टंटांचा कल बहुतांशी श्रद्धेकडे. पण मग पाळकाला दीक्षा कुणी द्यायची? प्रेषितांपासून बिशपांच्या हातून चालत आलेली साखळी तुटली, तर दीक्षा फोल ठरते का?

या प्रश्नाचा खरा कस लागला तो पोथ्यांत नव्हे, इथून साठेक किलोमीटरवर, तरंगंबाडीत. 1706 साली तिथे उतरलेला त्सीगेनबाल्ग डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला लुथेरन. डेन्मार्कमध्ये धर्मसुधारणेनंतर, 1537 साली, पहिल्या नव्या बिशपांच्या डोक्यावर हात ठेवला तो बुगेनहागेनने, आणि तो स्वतः साधा पाळक होता. म्हणजे साखळी तिथेच तुटली. पुढे 28 डिसेंबर 1733 रोजी तरंगंबाडीच्या मिशनऱ्यांनी कडलूरच्या आरोनला दीक्षा दिली. हा पहिला भारतीय लुथेरन पाळक. हात ठेवणाऱ्यांत बिशप एकही नव्हता. आरोन कावेरीकाठच्या खेड्यांतून हिंडला, बाप्तिस्मे दिले, 1745 साली वारला. आपल्या तंजावरच्या सरफोजीराजांना लहानपणी ज्यांचा आधार मिळाला, ते मिशनरी श्वार्त्झही याच परंपरेतले.

19व्या शतकात इंग्रज बिशप आले आणि हवा पालटली. लुथेरन दीक्षा घेतलेल्या अब्दुल मसीह यांना 1825 साली बिशप हेबर यांच्याकडून पुन्हा दीक्षा घ्यावी लागली. हे मला आजही बोचते. माणूस तोच, त्याची सेवाही तीच. मग आधीची दीक्षा काय होती?

मे 1919 मध्ये त्याच तरंगंबाडीत व्ही. एस. अझरय्या, सान्तियागो आणि सहकारी जमले आणि वेगवेगळ्या मंडळ्या एक करण्यावर बोलले. अझरय्या पहिले भारतीय अँग्लिकन बिशप, सान्तियागो बिशप न मानणाऱ्या संयुक्त मंडळीचे. त्यांनी जाहीर केले: बिशपपद स्वीकारू, पण त्यामागची कोणतीही एकच उपपत्ती कुणावर लादणार नाही. सगळ्या बोलण्याचा गाभा मला इथे दिसतो. पद एक, अर्थ ज्याचा त्याने लावावा. ऐक्याच्या वाटाघाटींत अठ्ठावीस वर्षे गेली. अझरय्या 1945 च्या पहिल्याच दिवशी गेले. 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये दक्षिण भारत मंडळी स्थापन झाली, ती त्यांनी पाहिली नाही.

तोडगा असा: यापुढे दीक्षा बिशपच देतील, पण आधीच्या पाळकांना पुन्हा दीक्षा नाही. बिशपांच्या हातून दीक्षा न झालेल्या पाळकांचा असा अपवाद पुढे ठेवायचा की नाही, ते तीस वर्षांनी ठरवायचे. नंद्यालच्या अनेक अँग्लिकनांना हे पटले नाही. ते बाहेर राहिले. त्यांची अडचण मी क्षुल्लक मानत नाही. साखळीवर ज्याची श्रद्धा आहे, त्याला तिची एक कडीही ढिली चालत नाही. पण आरोनच्या हातून बाप्तिस्मा घेतलेल्या घरांना, तुमचा पाळक पाळकच नव्हता, असे कोणत्या तोंडाने सांगणार?