शेरा लिहिण्याआधी
(कात्रज येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेतून गळणाऱ्या मुलींबद्दल मीही अहवालात 'पालक उदासीन' असंच लिहीत होते. इथल्या एका शाळेतल्या बाईंनी मात्र कारण शोधलं. महिनाभर घरोघर जाऊन वहीत टिपलं: आई बांधकामावर, धाकटं भावंड मुलीच्या कडेवर. मग त्यांनी मुलींना भावंडासह वर्गात बसू दिलं आणि हजेरी वाढते का, तेही लिहून ठेवलं. कृतिसंशोधन म्हणतात ते हेच.

ही वाट जुनीच आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. आदिवासी मुलं येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा भरवली. बदलली ती शाळा.

आपल्या बाईंना मात्र वरून तंबी मिळाली, 'लहान मुलं वर्गात नकोत.' खरं तर वर्गातही बाळ मुलीच्याच मांडीवर होतं. म्हणून मागणी शाळेजवळच्या पाळणाघराची हवी. बाईंची वही हा आपला पुरावा. ती घेऊन त्यांना एकटीला जाऊ द्यायचं, की आपण सोबत जायचं?