जबड्याची शस्त्रक्रिया : कधी आणि कशी?

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमधलं मराठी घर असो की पुण्यातलं, मुलाचा खालचा जबडा फार पुढे आला आणि समोरच्या दातांनी पोळीचा तुकडा तुटेना, तर दातांना नुसत्या तारा लावून पुरत नाही, शस्त्रक्रिया लागू शकते. अमेरिकेत शल्यचिकित्सक सायमन हलिहेन यांनी १८४९ मध्येच खालच्या जबड्याचं हाड कापून तो जागी आणला होता. आज वाढ थांबल्यावर, आधी तारांनी दात जुळवून, बहुधा तोंडाच्या आतूनच हाड कापून सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात. पुढचे काही आठवडे पेज, मऊ भात. ओठ बधिर राहू शकतो, क्वचित कायमचाही. म्हणून दंततज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक दोघांशी बोला. निर्णय मात्र मुलाला विचारूनच घ्या.