डार्सी तळ्यात उतरला तेव्हा

मंडळी, 'प्राइड अँड प्रेज्युडिस' हे नाव काढलं की ज्यांनी ती कादंबरी कधी हातात धरलेली नाही, त्यांच्याही डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहतं. घोड्यावरून आलेला एक श्रीमंत तरुण अंगावरचा कोट काढतो, तळ्यात उडी घेतो आणि ओल्या पांढऱ्या सदऱ्यानं घराकडे चाललेला असताना एलिझाबेथ त्याच्या समोर येते. बीबीसीनं १९९५ मध्ये सहा रविवार संध्याकाळी ही मालिका दाखवली, आणि डार्सी झालेला कॉलिन फर्थ घराघरांत पोचला. उडी प्रत्यक्षात एका स्टंटमननं मारली होती, ते सोडा. २०१३ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमधल्या तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या डार्सीचा बारा फुटी पुतळासुद्धा बसवला गेला होता.

गंमत अशी, की १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या कादंबरीत हा प्रसंगच नाही.

तिथे काय आहे? एलिझाबेथ मामा-मामींबरोबर डार्सीचा पेंबर्ली नावाचा वाडा पाहायला येते. धनी गावाला गेलेत असं तिला सांगितलेलं असतं. घराची व्यवस्था पाहणारी मिसेस रेनल्ड्स ही वयस्कर बाई आपल्या धन्याविषयी भरभरून बोलते. त्याला ती चार वर्षांचा असल्यापासून ओळखते आहे. मग एलिझाबेथ वरच्या दालनात त्याच्या तसबिरीपुढे थांबते. ज्याची मागणी तिनं तडकाफडकी नाकारली, त्याच्या चेहऱ्याकडे ती पहिल्यांदाच नीट पाहते. खाली बागेत आल्यावर तो अचानक समोर येतो आणि दोघंही लाजेनं लाल होतात. बस, एवढंच. मालिकेत ती तसबिरीकडे पाहत असते तेव्हाच इकडे तो तळ्यात उतरतो. तिच्या मनात जे उलटंपालटं होत होतं, ते त्याच्या अंगावरच्या पाण्यात आलं.

पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची. मूळचे वेल्समधले, बरीच वर्षं शिक्षकी पेशात काढलेले. त्यांनी हे अज्ञानातून केलेलं नाही. ऑस्टिनच्या लेखनात केवळ पुरुष-पुरुष आपसात बोलत आहेत असा प्रसंग जवळजवळ सापडत नाही. डेव्हिस यांनी नेमकी तीच जागा भरून काढली. मालिका सुरूच होते ती डार्सी आणि बिंगली यांच्या घोडदौडीनं. पुढे डार्सी तलवारबाजी करतो, स्नान करतो, रात्र जागून पत्र लिहितो.

त्या पत्राविषयी मला जरा जास्त बोलायचं आहे. मागणी नाकारल्यावर डार्सी एलिझाबेथच्या हातात एक लांबलचक पत्र देऊन निघून जातो. त्यानंतरच्या प्रकरणात बाहेरून पाहिलं तर काहीच घडत नाही. एक मुलगी पत्र वाचते, रागावते, घडी घालून ठेवते, पुन्हा उघडते, एकेक वाक्य तपासते. हळूहळू तिला कळतं की गोडबोल्या विकमवर आपण विश्वास ठेवला तो केवळ तो आपल्याशी गोड वागला म्हणून. माझ्या मते सगळी कादंबरी या प्रकरणावर तोललेली आहे. आणि कॅमेऱ्याला नेमकं इथेच फारसं काही करता येत नाही. वाचणारी बाई दाखवून दाखवून किती वेळ दाखवणार? मग पत्र लिहिणारा दाखवायचा, जुन्या घटना दाखवायच्या, आणि तिला थोडं फिरवून आणायचं.

मी महाविद्यालयात ही कादंबरी शिकवत असे. डार्सीच्या स्वभावातला बदल लिहा, या प्रश्नाच्या उत्तरात एका मुलीनं तळ्याचा प्रसंग मोठ्या तन्मयतेनं लिहिला होता. तिनं मालिकेच्या सीडी पाहिल्या होत्या, हे उघड होतं. पण मला वाईट वाटलं ते तळ्यामुळे नाही. एलिझाबेथनं पत्र दुसऱ्यांदा वाचलं, हे त्या दोन पानांत कुठेच नव्हतं.

आता कपडे. या मालिकांना 'कॉस्च्युम ड्रामा' म्हणतात ते उगीच नाही. वाडे, बग्ग्या, मेणबत्त्या, उंच कमरेचे झगे, सगळं डोळ्यांत भरतं. चेशायरमधला लाइम पार्क हा पेंबर्लीचा दर्शनी भाग झाला, आतली दालनं दुसऱ्याच वाड्यातली. पण कादंबरीत ऑस्टिनबाई कपड्यांवर शब्द खर्च करत नाहीत. सुरुवातीलाच एका नाचाहून परत आल्यावर मिसेस बेनेट कुणाच्या तरी झग्याची लेस वर्णन करायला लागते आणि मिस्टर बेनेट तिला तिथेच थांबवतात. त्याबाबतीत लेखिका नवऱ्याच्या बाजूची! कॅमेऱ्याला मात्र लेस दाखवावीच लागते. झाकून ठेवायची सोय त्याच्याकडे नाही.

चेहऱ्यांचंही तेच. आपल्याकडे दूरदर्शनवर 'स्वामी' पाहिलेल्या किती जणांना आज रवींद्र मंकणींचा चेहरा बाजूला सारून रणजित देसाईंचा माधवराव वाचता येईल?

म्हणजे या मालिका पाहू नयेत का? छे! मी स्वतः मिळेल ती पाहते. पण झग्यांपेक्षा मला त्यांची दुसरीच गोष्ट मोलाची वाटते: त्या हप्त्यांनी येतात. 'फोरसाइट सागा' १९६७ मध्ये सव्वीस भागांत आली. पुढच्या वर्षी ती रविवारी पुन्हा दाखवली, तेव्हा काही चर्चनी संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ बदलली होती. २००५ मध्ये याच डेव्हिस यांनी डिकन्सची 'ब्लीक हाउस' घेतली आणि पहिला तासाभराचा भाग सोडला तर बाकीचे अर्ध्या अर्ध्या तासाचे केले, आठवड्यातून दोनदा, रोजच्या घरगुती मालिकेसारखे. काही जाणकारांनी नाकं मुरडली. पण एका मृत्युपत्रावरून कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळलेल्या दाव्याची ही गोष्ट. आपल्याला तर त्यात काही समजावून सांगायलाच नको! डिकन्सनं मुळात ती तुकड्यातुकड्यांनीच लिहिली होती. मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३, दर महिन्याला पातळ पुस्तिका, किंमत एक शिलिंग.

कादंबरीत दोन आवाज आहेत. एक एस्थर नावाच्या मुलीचा, घडून गेलेलं सांगणारा. दुसरा नाव नसलेला, सगळं आत्ता घडतंय असं सांगणारा. हा फरक पडद्यावर येत नाही. येते ती धाकधूक. भंगार आणि जुने कागद साठवणारा क्रूक हा म्हातारा एका रात्री स्वतःच्याच खोलीत आपोआप जळून जातो. त्याला भेटायला आलेल्या दोघांना तिथे काजळी, तेलकट थर आणि जळका ढिगारा तेवढा दिसतो. तो हप्ता डिसेंबर १८५२ चा. पुढे काय झालं, हे कळायला वाचकांना जानेवारी उजाडेपर्यंत थांबावं लागलं.