शब्दाची जात आणि शब्दाचे काम

पेडणे तालुक्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर, टेंबवाड्याच्या बाजूस, हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालावयास येतात. हीच गोष्ट इंग्रजीत तीन शब्दांत सांगता येते: 'टर्टल्स नेस्ट हियर'. 'नेस्ट म्हणजे घरटे' हे गावातील पाचवीच्या मुलाला पाठ असते. म्हणून तो अर्थ लावतो, 'कासवे घरटे येथे'. शब्द तिन्ही ओळखीचे, पण वाक्य हाती लागत नाही.

गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळा बहुतांशी मराठी वा कोकणीतून चालतात आणि पाचवीपासून बहुतेक विद्यालयांचे माध्यम इंग्रजी असते. त्यामुळे ही अडचण इंग्रजीच्या तासापुरती राहत नाही. 'वॉटर द प्लांट्स' या सूचनेतील 'वॉटर' नाम समजणारा मुलगा विज्ञानाच्या तासालाही अडतो, आणि मंद ठरतो. वस्तुतः दोष त्याच्या बुद्धीचा नसून शब्दांना एकेकच अर्थ चिकटवून पाठ करविण्याच्या पद्धतीचा आहे.

मराठीत शब्दाच्या रूपावरून त्याची जात पुष्कळदा कळते. 'पाणी', 'पाण्याला' ही नामे. क्रियापद हवे तर 'घालणे' जोडावे लागते. इंग्रजी शब्द मात्र त्याच वेषात निरनिराळी कामे करतो. 'राउंड' पाहावा. 'अ राउंड स्टोन' यात तो विशेषण. 'बोट्स राउंड द हेडलँड', म्हणजे होड्या भूशिराला वळसा घालतात, येथे क्रियापद. 'कम राउंड' यात क्रियाविशेषण. 'वॉक राउंड द ट्री' यात झाडाशी संबंध जोडणारे अव्यय. आणि 'द फर्स्ट राउंड' म्हटले की नाम! सुटा 'राउंड' फळ्यावर लिहून 'जात ओळखा' म्हणणे हा प्रश्नच चुकीचा आहे.

मराठी मुलाला हे अगदीच परके नाही. 'खेळ रंगला' यात 'खेळ' नाम, तर 'तू खेळ' यात क्रियापद. 'वर बघ' यातील 'वर' क्रियाविशेषण, 'घरावर' यातील शब्दयोगी. शिवाय शब्दांच्या आठ जातींची ही मांडणी मराठीत आली तीच इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. यास्काने तर चारच वर्ग मानले होते: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात.

तेव्हा आरंभ शेजारच्या शब्दापासून करावा. 'द नेस्ट' म्हटले की नाम, 'दे नेस्ट' म्हटले की क्रियापद. देवनागरीत फरक एका मात्रेचा. 'द' नंतर विशेषणही येते, पण मग पुढे नाम शोधावयाचे, जसे 'द राउंड स्टोन'. हा 'द' मराठीत नसल्याने मुलांच्या हातून गळतो. १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आजोबांना मात्र तो परका वाटू नये: त्यांचे 'उ' आणि 'आ' नामाच्या लिंगाप्रमाणे बदलत, इंग्रजीतला 'द' तेवढाही त्रास देत नाही.